दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर

सर्जेराव गलांडे यांना रॅलीच्या जगात सगळे चेहऱ्यानं ओळखत, पण नाव कुणाला पटकन आठवत नसे. 'राजनजींच्या टीममधला तो हवालदार' म्हटलं की मग माणसं मान डोलवत. माण तालुक्यात दहिवडीजवळ गाव, मिसरूड फुटायच्या वयात फौज, फौजेत गाड्या, आणि शेवटची बदली जयपूरला. पेन्शनीत निघाले की गावी परतायचं हे ठरलेलंच होतं. पण तोवर मालवीय नगरच्या मागं, झालान्याच्या टेकडीच्या अंगाला दोन खोल्या बांधून झाल्या होत्या, मुलगा अभिनव शाळेत रमला होता, आणि सर्जेरावांना वाळूची चटक लागली होती.

फौजेत असताना एका वर्षी युनिटनं वाळवंटातल्या मोटार रॅलीत एक जिप्सी उतरवली होती आणि साहेबांनी सर्जेरावांना स्टिअरिंगवर बसवलं होतं. जैसलमेरच्या पुढं जिथं रस्ता असा नसतोच, तिथल्या धोऱ्यांवरून, म्हणजे वाळूच्या टेकाडांवरून, त्यांनी गाडी अशी अलगद काढली की मोठमोठ्या टीमांचे लोक उतरून बघत राहिले. त्यात राजनही होते. राजन जयपुरातले टायरचे मोठे व्यापारी, स्वतःची रॅली टीम बाळगणारे हौशी गृहस्थ. सर्जेरावांनी वर्दी उतरवली न उतरवली तोच राजन यांचा माणूस त्यांच्या दारात येऊन उभा राहिला.

टीमच्या दोन गाड्या धावायच्या. पहिली विजयजींची. विजयजी म्हणजे देखणा, दिलदार, वर्तमानपत्रात फोटो छापून येणारा माणूस. गाडी हाकण्यातही तरबेज. दुसरी गाडी सर्जेरावांची. बाहेरच्या माणसाला वाटतं, दोन गाड्या म्हणजे जिंकायची संधी दुप्पट. तसं नसतं. दुसऱ्या गाडीचं काम जिंकणं नव्हेच. पहिली गाडी मोडली तर तिला लागेल तो भाग आपल्या गाडीचा काढून द्यायचा, ती रुतली तर ओढून काढायची, आणि ती धुरळा उडवत पुढं गेली की आपण उन्हात सर्व्हिसच्या ट्रकची वाट बघत बसायचं. विजयजींनी मिळवलेल्या करंडकांत सर्जेरावांच्या गाडीचे किती एक्सल, किती चाकं, किती रेडिएटर गेले असतील त्याला गणती नाही.

एकदा तर बिकानेरच्या अलीकडं सर्जेराव सगळ्यांच्या पुढं होते. शेवटचा टप्पा अर्धा झाला होता. मागं विजयजींची गाडी मागचा शाफ्ट तुटून बसल्याचं वायरलेसवर कळलं, आणि राजन यांचा आवाज आला, की हवालदारसाहेब, थांबा. सर्जेराव थांबले. विजयजींची गाडी कशीबशी रखडत तिथवर आली, सर्जेरावांनी स्वतः पान्हा घेऊन आपला शाफ्ट खोलला, त्यांच्या गाडीला चढवला. विजयजी ती रॅली जिंकले. रात्रीच्या जेवणाला राजन यांनी सर्जेरावांच्या खांद्यावर हात टाकला आणि चारचौघांत सांगितलं, की विजयजी ज्या दिवशी दमतील, त्या दिवशी पहिली गाडी तुमची. माझा शब्द.

हा शब्द सर्जेरावांनी देव्हाऱ्यातल्या टाकासारखा जपला. घरी अनुसयाबाई चिडायच्या. "दुसऱ्याच्या वरातीत किती दिस नाचणार हायसा?" असं त्यांनी विचारलं की सर्जेराव हसून म्हणायचे, फौजेत पाळी येईपर्यंत थांबायचं असतं, पाळी चुकत नाही.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात विजयजींनी निवृत्ती जाहीर केली. पन्नाशी उलटली होती, गुडघे बोलत होते, एकदा उतरतानाच रुबाबात उतरावं असा त्यांचा विचार. राजन यांनी एका हॉटेलात मोठा समारंभ ठरवला. जुन्या चॅम्पियनला निरोप आणि पुढच्या हंगामाची घोषणा, असं दोन्ही एकाच दिवशी. सर्जेरावांना आमंत्रण आलं, तेही जोडीनं आणि मुलासह. सर्जेरावांनी त्याचा जो अर्थ काढायचा तो काढला. जयपुरातल्याच मानसरोवर वस्तीतल्या ओळखीच्या शिंप्याकडून त्यांनी नवा सफारी शिवून घेतला. समारंभाच्या दिवशी सकाळपासून ते आरशासमोर दोन वाक्यं हिंदीत घोकत होते. पहिल्या गाडीचा मान दिल्याबद्दल आभार मानायची. अनुसयाबाई त्यांच्याकडं बघायच्या आणि काही न बोलता स्वयंपाकघरात जायच्या. एरवी नवऱ्याच्या रॅलीचं नाव काढलं की कपाळाला आठ्या घालणारी ही बाई आज इतकी गप्प का, हा प्रश्न सर्जेरावांना पडला नाही. आपल्याच आनंदात होते.

हॉटेलच्या हिरवळीवर मांडव, कॅमेरे, थंडाईचे ग्लास. विजयजींचं भाषण झालं, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग राजन यांनी माइक घेतला. म्हणाले, आज आपण एका नव्हे, दोन जुन्या योद्ध्यांना निरोप देतो आहोत. आमचे हवालदार सर्जेराव यांनीही विजयजींबरोबरच निवृत्त व्हायचं ठरवलंय. अशी निष्ठा आजच्या जगात कुठं दिसते?

सर्जेरावांना आधी वाटलं, आपल्याला हिंदी नीट कळली नाही. पण शेजारची माणसं त्यांना उठवू लागली, कुणी पाठ थोपटली, आणि पाय आपोआप मंचाकडं निघाले. राजन यांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. समोरून फोटो निघत होते. तेवढ्यात राजन यांनी पुढच्या हंगामाची घोषणा केली. पहिल्या गाडीवर त्यांचा पुतण्या पवन, परदेशात गाडी चालवायचं शिक्षण घेऊन आलेला. दुसऱ्या गाडीवर कोण ते नंतर बघू. माइक सर्जेरावांच्या तोंडासमोर आला. घोकलेली दोन वाक्यं आता कामाची नव्हती. "धन्यवाद," एवढंच ते म्हणाले. लोकांना तो साधेपणा फार आवडला.

घरी आल्यावर शाल त्यांनी खाटेवर टाकली. राजन यांना जाब विचारायला ते परत निघालेच होते, तेव्हा अभिनव दारात आडवा आला. अभिनव जयपुरातच वाढलेला, त्याची मराठी अर्धी हिंदीत भिजलेली. स्पर्धा परीक्षांचे क्लास लावून लावून थकला होता, नोकरी कुठं लागत नव्हती.

"पप्पा, राजन अंकलना काही बोलू नका," तो म्हणाला. "मीच त्यांना हो म्हटलं होतं."

हळूहळू सगळं बाहेर आलं. पंधरवड्यापूर्वी राजन घरी येऊन गेले होते, सर्जेराव बाहेर असताना. हवालदारसाहेबांचं वय झालं, गेल्या वेळी उतरल्यावर चार दिवस त्यांना मान वळवता येत नव्हती, त्यांना काही झालं तर मी तुम्हाला काय तोंड दाखवू, असं ते बोलले. त्यांना समजवा. आणि अभिनवसाठी माझ्या शोरूमला मॅनेजरची जागा आहे. हे दुसरं वाक्य पहिल्याला चिकटूनच आलं होतं. पवनचं नाव त्यांनी काढलं नव्हतं. अभिनवला बापाच्या मानेची काळजी खरंच होती. ती नोकरी हवी होती हेही तितकंच खरं होतं. शिवाय जयपुरात बदलीवर आलेल्या एका रेल्वे गार्डच्या मुलीशी, रुचिताशी, त्याचं लग्न ठरत आलं होतं आणि मुलीचा बाप नोकरीपाशी अडला होता.

"मला का विचारलं न्हाईस?" सर्जेराव म्हणाले.

"तुम्ही नाही म्हणाले असते. मतलब... तुम्ही कधी आमच्यासाठी थांबलेच नाही ना, पप्पा. विजय अंकलसाठी थांबत होते."

सर्जेरावांनी बायकोकडं पाहिलं. अनुसयाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. "सकाळधरनं सांगायचं म्हणत हुते," त्या म्हणाल्या, "पर तुमचं त्वांड बघून जीभच उचलली न्हाई."

त्या दिवसापासून सर्जेरावांनी मुलाशी बोलणं सोडलं. भांडण नाही, आदळआपट नाही. एकाच घरात राहायचं, एकाच ताटातल्या भाकरी घ्यायच्या आणि काही सांगायचं झालं तर अनुसयाबाईंना सांगायचं. अभिनव शोरूमला जाऊ लागला. त्याचा साखरपुडा झाला. सर्जेराव सफारी घालून गेले, पाहुण्यांशी गोड बोलले, आणि मुलाच्या बाजूला उभे राहून फोटो काढताना कॅमेऱ्याकडंच बघत राहिले.

इतर टीमांकडं त्यांनी विचारून पाहिलं. सगळे आदरानं बसवायचे, चहा द्यायचे, आणि म्हणायचे, पण तुम्ही तर निवृत्त झालात ना, आम्ही फोटो पाहिला. शाल पांघरलेला तो फोटो जयपूरपासून जोधपूरपर्यंत सगळ्यांनी पाहिला होता. शेवटी मानसरोवरातल्या एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ते शिकवू लागले. नवशिक्यांची मारुती, शिकवणाऱ्याच्या पायापाशी जादा ब्रेक. शाळामास्तरणी, बँकेतल्या बायका, नुकते निवृत्त झालेले बाबू त्यांच्याकडं यायचे. क्लच हळू सोडा, आरशात बघा, असं दिवसभर सांगायचं. ज्या पायानं धोऱ्यावर गाडी तरंगवली, तो पाय आता दुसऱ्यांच्या चुका दाबत बसला होता. त्यांनी तक्रार केली नाही. पण आवाज कोरडा झाला, आणि सडपातळ माणूस आणखी वाळला.

हंगाम सुरू झाला. पवननं पहिल्याच रॅलीत गाडी आडवी केली, दुसऱ्या रॅलीत उलटी केली आणि खांद्याचं हाड मोडून घेतलं. जाहिरातदार कंपन्या कुरकुरू लागल्या. त्यांना ओळखीचा चेहरा पाहिजे होता. जानेवारीत वर्तमानपत्रात आलं, की चाहत्यांच्या आग्रहाखातर विजयजी निवृत्ती मागं घेत आहेत आणि हंगामाची शेवटची रॅली धावणार आहेत. सर्जेरावांनी ती बातमी ड्रायव्हिंग स्कूलच्या बाकावर बसून वाचली. ज्याचा निरोप खरा होता तो परत येऊ शकत होता, आणि ज्यानं निरोप घेतलाच नव्हता त्याला परत यायला वाट नव्हती.

दुसऱ्या दिवशी राजन यांचा फोन आला. आवाजात जुनी माया. विजयजींना मागं भरवशाचा माणूस हवाय, तुमच्याशिवाय कोण आहे? दुसरी गाडी तुमच्यासाठी तयार ठेवतो.

अनुसयाबाईंची खात्री होती की नवरा फोन आपटणार. सर्जेराव म्हणाले, येतो.

"शरम न्हाई वाटत?" फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या. "त्यानं हाड म्हटलं की जायचं, यू म्हटलं की यायचं."

अभिनवला मात्र बरं वाटलं. बाप निवळला, असं त्याला वाटलं. निघायच्या दिवशी सकाळी तो बापाचं हेल्मेट पुसून घेऊन आला आणि पुढं धरून उभा राहिला. सर्जेरावांनी ते घेतलं आणि बाहेर पडले.

रॅलीचे पहिले दिवस नेहमीसारखे गेले. विजयजी पुढं, सर्जेराव मागं अंतर राखून. शेजारी नॅव्हिगेटर म्हणून नीरज होता, राजन यांच्या वर्कशॉपमधला जुना मेकॅनिक. वाट सांगायची आणि वेळ पडली तर गाडी खोलायची, दोन्ही कामं त्याची. सर्जेरावांचा हात विसरला नव्हता. मान दुखायची, रात्री उशी घेता यायची नाही, पण स्टिअरिंग हातात आलं की बोटं तरुण व्हायची. शेवटच्या दिवसाच्या आधी विजयजी सगळ्यांत पुढं होते आणि सर्जेराव पाचवे.

शेवटचा टप्पा धोऱ्यांचा. ऊन चढलं होतं, वाळू मऊ पडत चालली होती. एक मोठा धोरा ओलांडून सर्जेराव खाली उतरले आणि समोर विजयजींची गाडी दिसली. मागचं चाक तिरपं झालेलं, एक्सल गेलेला. विजयजी आणि त्यांचा जोडीदार गाडीबाहेर उभे होते, सुखरूप. सगळं ठीक असल्याचा फलक त्यांनी नियमाप्रमाणं धरला होता. फलक जोडीदाराच्या हातात देऊन विजयजी पुढं आले आणि त्यांनी हात वर केला. ये, इथं लाव, अशा अर्थानं. चेहऱ्यावर काळजी नव्हती. सिग्नलला रिक्षाला हात करावा, इतका तो हात सहज होता.

नीरजनं पट्टा सोडायला हात नेला. "रोकिये, हवालदार साहब," तो म्हणाला.

सर्जेरावांनी गिअर खाली घेतला. नीरजला वाटलं थांबतायत. गाडी विजयजींच्या बाजूनं गेली, इतक्या जवळून की त्यांच्या गॉगलमध्ये सर्जेरावांना आपलीच गाडी दिसली, आणि समोरचा चढ चढू लागली. वायरलेसवर राजन यांचा आवाज आला, आधी प्रेमानं, मग चढून. सर्जेरावांनी बटण बंद केलं. नीरजनं पट्टा घट्ट केला आणि पुढची वाट सांगायला लागला.

या क्षणाची सर्जेरावांनी मनातल्या मनात कितीदा उजळणी केली होती. मारुतीत बसून, लोकांना क्लच शिकवताना, हाच क्षण ते चघळत होते. वाटलं होतं, छातीवरचा धोंडा उतरेल. तसं काही झालं नाही. गाडी धावत होती, वाळू उडत होती. मागं आरशात तो वर केलेला हात लहान लहान होत गेला.

ते तिसरे आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या नावासमोर काही लागलं. तिसऱ्या क्रमांकाचा छोटा चषक मिळाला, तो घेताना टाळ्या तुरळक होत्या, कारण झालेली गोष्ट तोवर सगळ्या छावणीत पसरली होती. राजन त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत. गाडीची किल्ली घ्यायला त्यांनी माणूस पाठवला.

विजयजींना संध्याकाळी ट्रकनं आणलं. ओठ फुटले होते, केसांत वाळू. सर्जेरावांना वाटलं, आता शिव्या बसणार, आणि त्यासाठी त्यांनी मन घट्ट केलं होतं. पण विजयजी पाण्याची बाटली घेऊन त्यांच्याच शेजारी येऊन बसले. रागाचा मागमूस नव्हता.

"बरं केलंत," ते हिंदीत म्हणाले. "तुमच्या जागी मी असतो तर मीही थांबलो नसतो."

थोडं पाणी पिऊन त्यांनी पुढं सांगितलं, "बिकानेरलाही नसतो थांबलो. पहिल्या वर्षीसुद्धा नाही. तुम्ही एवढी वर्षं का थांबत राहिलात, ते मला कधी कळलंच नाही, हवालदारसाहेब."

शब्द दिला होता, असं म्हणावं, तर शब्द राजन यांचा होता, आणि त्याची काय किंमत होती ते दोघांनाही माहीत होतं. हुकूम होता, असं म्हणावं, तर वर्दी केव्हाच उतरली होती. विजयजींनी टोमणा मारला असता तर सोसता आला असता. त्यांनी खरंच कुतूहलानं विचारलं होतं.

त्याच आठवड्यात राजन यांनी अभिनवला शोरूममधून काढलं. कारण सांगायची त्यांना गरज वाटली नाही. रुचिताच्या वडिलांनी लग्न पुढं ढकलू या म्हटलं. पावसाळ्यात त्यांची बदली भुसावळला झाली, आणि दिवाळीच्या सुमारास कुणाकडून तरी कळलं की रुचिताचं तिकडंच लग्न झालं. अभिनवनं आरडाओरडा केला नाही. बापाचाच पोरगा होता. गुडगावला एका कॉल सेंटरमध्ये त्याला काम मिळालं, आणि त्यानं सामान बांधलं.

जायच्या दिवशी सर्जेराव स्वतःहून त्याच्या खोलीत गेले. दीड वर्षानंतर पहिल्यांदा त्याच्याशी सरळ बोलले. "मला ठाऊक हुतं," ते म्हणाले. "न्हाई थांबलो तर तुझी नोकरी जाणार, हे मला गाडीत बसायच्या आधीच ठाऊक हुतं."

अभिनवनं बॅगेची चेन ओढली. "मला पण माहीत होतं," तो म्हणाला. "हेल्मेट पुसत होतो तेव्हा मला वाटलं होतं की पप्पा या वेळी नाही थांबणार."

"मग बोलला न्हाईस?"

"तुम्ही बोलत कुठं होते माझ्याशी?"

अनुसयाबाईंनी दशम्या बांधून दिल्या. सर्जेराव त्याला सिंधी कॅम्पच्या बस स्टँडवर सोडायला निघाले, तर अभिनव म्हणाला, नको, मी ऑटोनं जातो. ऑटो गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत अनुसयाबाई दारात उभ्या होत्या. मग आत येऊन त्यांनी चुलीवरचा तवा उतरवला आणि नवऱ्याकडं पाठ करून विचारलं, "तिसरं आल्यावर कसं वाटतंय?"

त्या हे कुत्सितपणानं बोलल्या की खरंच विचारत होत्या, ते सर्जेरावांना कळलं नाही. साडेदहाची शिकवणी होती, मानसरोवरातल्या एका नव्या बाईची. ते सायकल घेऊन बाहेर पडले.